सोयीचा तोळा

धातूंची शुद्धता तपासणाऱ्या माणसावर वजनात तूट आणल्याचे आळ पुष्कळ येतात. परंतु वजनात वाढ केल्याचा आळ आपल्या पारख्यावर त्या दिवशी आयुष्यात प्रथमच आला, आणि तोही सख्ख्या थोरल्या बहिणीकडून.

ताई अठरा वर्षांनी माहेरी आली होती व दुपारच्या गाडीने परतणार होती. वडिलांनी तिच्या नावाने ठेवलेले सोन्याचे कडे पारख्याने तिजोरीतून काढून आपल्या तपासणीच्या खोलीत आणले. डबीत वडिलांची चिठ्ठी होती: ‘वजन तोळे तीन. तोळ्यात अकरा मासे खरे.’ त्याने कडे विजेच्या काट्यावर ठेवताच आकडा उजळला: चौतीस पूर्णांक नव्व्याण्णव ग्रॅम.

ताईने आकडा पाहिला, चिठ्ठी पाहिली, आणि मग तिची नजर भिंतीवर गेली. तेथे पारख्याच्याच वळणदार अक्षरातला तक्ता टांगलेला होता: एक तोळा, दहा ग्रॅम.

“बारक्या, तीन तोळ्यांचे तीस होतात ना रे? मग हे वरचे पाच कुठून आले?”

“ताई, जास्त आलंय. कमी नाही.”

“तेच म्हणतेय मी. सोनं काय तिजोरीत बाळंत झालं?”

पारख्याची बायको दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती म्हणाली, “वन्सं, जास्त परत देणारा चोर मी तरी कुठे पाहिला नाही.”

“तू गप. कडं वितळवायचं, थोडं सोनं काढून घ्यायचं आणि तांबं ओतायचं. ओतताना हात सैल सुटला की झालं वजन जास्त!”

पारख्याने शांतपणे समजावले की वडिलांचा तोळा जुना होता. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, जो साडेअकरा ग्रॅमहूनही किंचित जड भरतो. तक्त्यातला तोळा बाजारातला. दशांशावरून गिऱ्हाइके हुज्जत घालतात, म्हणून त्याने जुन्या तोळ्याचा उल्लेखच भिंतीवर ठेवला नव्हता.

“वा रे वा! भिंतीवर एक तोळा आणि तोंडात दुसरा. आता बरा सोयीचा तोळा आठवला!”

हा टोला वर्मी बसला. ज्याच्या शिक्क्यावर सारी सराफी पेठ डोळे मिटून विश्वास ठेवत होती, त्याचा शब्द त्याच्याच भिंतीने खोटा पाडला होता. ताई असा संशय घेऊन गाडीत बसली, तर ती पुन्हा या घराची पायरी चढणार नाही, हे त्यास पक्के ठाऊक होते.

“कुठून कापू ते तूच दाखव,” तो म्हणाला.

ताईने बोट ठेवले त्या जागेवरून त्याने दोनशे चाळीस मिलिग्रॅमचा कण, म्हणजे अदमासे दोन गुंजा, कापून घेतला. तो कण थोड्या चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून राखेच्या वाटीतून भट्टीत गेला. शिसे आणि तांबे वाटीने पिऊन टाकले. उरलेली चांदी तेजाबाने धुऊन काढली. तोवर चहा दोनदा झाला, पण ताई खुर्चीवरून हलली नाही. अखेर निव्वळ सोने काट्यावर चढले: दोनशे वीस मिलिग्रॅम.

“हजारात नऊशे सोळा,” पारख्या म्हणाला.

“बाबांनी तर अकरा लिहिलंय!”

“ते बारातले अकरा. तूच मला पाढे शिकवलेस. बाराला अकरा, तर हजाराला किती?”

ताईने चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिल चालवली. नऊशे सोळा आले आणि पुढे सहांची शेपटी लागली. तिच्या भुवया खाली उतरल्या. “म्हणजे तांबं नाही घातलंस. बरं. पण ते पाच ग्रॅम?”

पारख्याने वडिलांची वजनांची पेटी उघडली. तीन पितळी तोळे निघाले. त्यांतला एक उचलून ताई थबकली. त्याची कड चेपलेली होती.

“हा मी फरशीवर आपटला होता. बाबा दिवसभर बोलले नव्हते माझ्याशी.”

मग तिने स्वतःच जुना तराजू मांडला. एका पारड्यात तिन्ही तोळे, दुसऱ्यात कडे. कड्याचे पारडे केसभर वर राहिले.

“बघ! आता कमी!”

“वन्सं, आत्ताच नाही का कापून घेतलंत?”

ताईने जीभ चावली. पेटीच्या कोपऱ्यात काळ्या डोळ्यांच्या लाल गुंजा होत्या. त्यांतल्या दोन वेचून तिने कड्याशेजारी ठेवल्या. काटा डुलला, डुलला आणि मधोमध येऊन उभा राहिला.

मग ताई स्टुलावर चढली आणि तक्त्यात ‘एक तोळा’च्या आधी तिने ठसठशीत अक्षरांत ‘बाजारचा’ हा शब्द घातला. त्याखाली लिहिले: ‘बाबांचा तोळा, अकरा पूर्णांक सहासष्ट.’

खाली उतरून तिने कडे डबीत घातले आणि डबी भावाच्या हाती दिली.

“न्यायला आली होतीस ना?”

“राहू दे तुझ्याकडेच. पुढच्या वर्षी येईन, तेव्हा पुन्हा तोलू. आणि वाढलेलं दिसलं, तर मात्र बघ!”