छ्वानचौमधले दीनानाथ

प्रेक्षणीय स्थळ दीनानाथांना आवडायचं ते स्वतःच्या पाठीमागे. फोटोत आपणच नसलो तर आपण तिथं गेलो हे कोण मानणार, असा त्यांचा रोकडा सवाल, आणि बटण दाबायला बायको होतीच. २००६ च्या सुट्टीत छ्वानचौ या चिनी बंदराच्या शहरात नीलिमानं तीनशे बारा फोटो काढले. जुनी मशीद, दगडी पूल, जोडमनोरे. सगळीकडे पुढे हे, कमरेवर हात ठेवून.

तिला घोर होता तो एकाच फोटोचा. तिच्या हॉस्पिटलमधल्या धम्मदीना नर्सचे वडील मारोतीकाका यांना बायपासनंतर डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. "पोरी, तिथल्या मोठ्या विहारातला बुद्ध तेवढा डोळे भरून दाखव," असं ते म्हणाले होते आणि तिनं शब्द दिला होता. विहारात तिनं नवऱ्याला विनवलंसुद्धा, "अहो, एक तुमच्याशिवाय काढू द्या." "मग पोस्टकार्डच घे की," म्हणत हे उभे राहिले. तो फोटो निघाला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. पोस्टकार्ड घ्यायला गाइडनं वेळ दिला नाही, त्याला सगळ्यांना जेडच्या दागिन्यांच्या दुकानात न्यायचं होतं.

परतल्यावर रोटोटुना या उपनगरातल्या आपल्या घरी, रविवारी दुपारी पडदे ओढून दीनानाथांनी ऑफिसचा प्रोजेक्टर लावला. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काका लेकीसोबत पुढेच बसले होते. तासाभरानं विहार आला. भिंतीवर मधोमध दीनानाथ, आणि त्यांच्या दोन्ही कानांपाशी थोडंसं सोनेरी काहीतरी.

"बाबा, यू आर टोटली ब्लॉकिंग हिम," लेक सलोनी म्हणाली.

"मूर्ती केवढी ते कळायला शेजारी माणूस लागतो," दीनानाथ म्हणाले.

नीलिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र धम्मदीनाचा हात धरून उठले, भिंतीपुढे गुडघे टेकले आणि हात जोडून वाकले.

दीनानाथ गहिवरले. "अहो काका, राहू द्या. वयानं मोठे तुम्ही, नमस्कार कसला करताय मला?"

काका तीनदा वाकले. मग सावकाश उठत म्हणाले, "तुम्हाला नाही, साहेब. तुमच्या मागं बसलेत त्यांना. कसे होते हो ते? तुम्ही तर जवळून पाहिलं असेल."

दीनानाथांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"नाही पाहिलं, काका," नीलिमा म्हणाली. "सगळा वेळ यांची पाठच होती तिकडे."