पिल्लांवरची मरळ

“वल्हं थांबव,” वासुदेवराव कुजबुजले.

जिव्याने ते आधीच थांबवलं होतं. उधवा गावाखालच्या नदीच्या डोहात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळत होता. मरळीची पिल्लं, म्हणजे खाली त्यांना राखणारी मरळ असणारच. घरी जिव्याची बायको लाडकी महिनाभर अंथरुणाला खिळली होती, पेजेचीही अर्धी वाटी टाकत होती. “मरळीचं कालवण असतं तर दोन घास गेले असते,” एवढंच ती म्हणाली होती. आठ दिवस जाळं टाकूनही बोटाएवढ्या मासळीखेरीज काही लागलं नव्हतं.

वासुदेवराव डहाणूचे निवृत्त स्टेशनमास्तर. मुलाने कॅनडाहून पाठवलेली गळाची लवचीक काठी घेऊन ते दर रविवारी जिव्याच्या होडीत बसत. काठीबरोबर आलेल्या, गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्यांना इथल्या मरळींनी विचारलंसुद्धा नाही. मग जिव्याने लाडकीच्या कोंबड्याची पिसं गळाला बांधून दिली, तेव्हा कुठे साहेबांची अब्रू राहिली.

दोरी दोनदा हवेत फिरली. पीस पिल्लांपलीकडे पडलं आणि पाणी उसळलं. बऱ्याच झटापटीनंतर हातभर मरळ होडीत आली. जिव्याच्या ओठांवर शब्द आले होते. तीन वर्षांत त्याने साहेबांकडे काहीच मागितलं नव्हतं.

“पिल्लांवरची ना रे?” वासुदेवरावांनी ऐटीत विचारलं. “आई मारली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. पहिल्या वर्षी मी एक घरी न्यायला निघालो, तर कसला भडकला होतास!”

“हो, साहेब.”

त्यांनी अलगद गळ काढला आणि मरळ सोडून दिली. पाठांतर बरोबर आलेल्या पोरासारखे ते हसले. जिव्याही हसला. काय करणार होता बिचारा?

घरी लाडकीने विचारलं, “गावली?”

“गावलेली. पिल्लांवर होती.”

तिने कुडाकडे कूस वळवली.

“सोडली ना?”

“सोडली.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पेजेची वाटी तिने बाजूला सरकवली.

मधले दोन रविवार चुकले; तिसऱ्या रविवारी वासुदेवराव आले, तेव्हा जिव्या होडीतलं पाणी उपसत होता.

“लाडकी गेली, साहेब. दहा दिवस झाले.”

“अरे! काय झालं होतं?”

“खाणं जात नव्हतं. मरळ मागत होती.”

वासुदेवरावांना तो रविवार आठवला. ते होडीच्या काठावर बसले.

“मग बोलला का नाहीस? मी काय नाही म्हटलं असतं?”

“नसतं म्हटलं. म्हणून तर बोललो नाय.”

घरात बसवत नव्हतं, म्हणून जिव्याने होडी लोटली. वासुदेवरावांनी काठी उघडलीच नाही. डोहात पिल्लं दिसली, आता बरीच मोठी झालेली. मरळ वर आली, श्वास घेऊन खाली गेली. जिव्याला तिचा राग आला, फार राग आला. तरी पिल्लं पांगू नयेत म्हणून त्याने वल्हं पाण्याबाहेर धरून ठेवलं.