ओळीच्या टोकाची खूण

शहागडच्या संपत पेटीवाल्याला भीती कशी असते ते ठाऊक नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा. गायन पार्टीच्या एका मुकाबल्यात त्याने पेटीवर असा सूर ओढला, की पुलावरचे ट्रक हॉर्न विसरून मान खाली घालून गेले, आणि गोदावरीतली मगर काठावर येऊन डोळे मिटून ऐकत बसली. यातली मगर तेवढी खोटी, असं मानणाऱ्यांनी ट्रकांचंही एकदा बघून घ्यावं.

तर असा हा मर्दगडी त्या दुपारी सुनेच्या लॅपटॉपसमोर घामाने निथळत होता.

सून अक्षता पियानोच्या गाण्यांच्या नोटेशनची पानं कॉम्प्युटरवर बसवायची. पुण्यात पियानो शिकवणाऱ्या एका बाईंचं पुस्तक तिच्याकडे आलं होतं, आणि शेवटचं गाणं आज संध्याकाळी पाठवायचं होतं. बाईंना पसंत पडलं तर घरबसल्या कायमचं काम. नाही तर दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा मिथुन पुण्याला. मिथुन हे जेवताना सहज बोलून गेला होता. तेव्हापासून बापाच्या घशाखाली भाकरी सरळ उतरत नव्हती.

अक्षता घनसावंगीला बारशाला गेली होती. जाताना बजावून गेली, "मामा, लाइट गेली तर चार्जरकडं बघा. बाकी कशालाच हात लावू नका."

हात लावू नको म्हटलं की वस्तूला खाज सुटते आणि ती बोटांना लागते. संपतने गाणं वाजवून पाहिलं. सुरेख होतं, पण उंच. सोबत गुणगुणायला म्हाताऱ्याचा गळा पुरेना. ओळीच्या तोंडाशी कोमल सुरांच्या खुणा होत्या, टोकदार पळ्यांसारख्या. गाण्याची पट्टी यांच्यावरून कळते, असं अक्षतानेच सांगितलेलं. त्याच्या स्केल चेंजरच्या पेटीत पट्टी सरकवली की बोटं तिथंच राहतात आणि आवाज खाली येतो. हेही बराबर तसंच असणार. त्याने बाजूच्या चौकटीतून दुसऱ्या खुणा ओढल्या आणि पहिल्या ओळीच्या तोंडावर सोडल्या.

आवाज तसूभर खाली आला नाही. पान मात्र उतलं. सुरासुराच्या पुढ्यात एकेक खूण उगवली, कुठे कोमलची पळी, कुठे तीव्रची जाळी. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तसं.

त्याने पुन्हा वाजवलं. गाणं जसंच्या तसं. ज्या कानावर त्याने जन्मभर पोट भरलं, त्या कानाला काही सापडेना. पानाच्या अंगावर देवी उठल्या होत्या आणि नाडी चोख लागत होती. 

"काय करून राह्यले?" त्याची बायको बेबीनंदा शेंगांनी भरलेलं सूप घेऊन दारात उभी होती.

"कुठं काय. वारा घालून राह्यलो याला. गरम झाला."

"वलेचिंब तुम्ही झाले, अन् गरम तो?"

त्याने दुसऱ्या खुणा टाकल्या. मुंग्या वाढल्या. तिसऱ्या टाकल्या, तर पान पुढच्या पानावर सांडलं. आधी किती पळ्या होत्या ते आठवेना. हायवेवर जीप थांबली की त्याचं काळीज पेटीच्या भात्यासारखं मिटायचं. रिकाम्या खोल्या, दोरीवर दोघांचेच कपडे आणि समोर टोमणे मारायला एकटी बेबीनंदा, हे सगळं त्याला त्या पडद्यातच दिसायला लागलं.

मग एकदा खुणा टाकल्या आणि मुंग्या झडल्या. सगळ्या. पान धुतल्यासारखं झालं. संपतने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

एवढ्यात त्याला दिसलं. दुसऱ्या ओळीच्या अगदी टोकाला, सूर संपून गेल्यावर, पळ्यांचा एक घोळका उगाच उभा होता. वाजवायला पुढे काही नाही, मग कोमलचं इथं काय काम? ही आपलीच घाण. त्याने ती पुसली.

बाहेर जीप थांबली.

अक्षता आली, हातपाय धुऊन बसली, पान वर-खाली केलं आणि थांबली. "मामा, इथली खूण कुठं गेली?"

"लाइट गेल्ती."

"अन् लाइटीनं एवढीच नेली?"

"आपल्याकडची लाइट लई निवडक हाय."

बेबीनंदा फिसकन हसली.  संपत मात्र दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "म्या पुसली. घाण वाटली मला. आधी सगळंच बिघडवलं, मंग परत केलं."

 अक्षता एकेक ओळ बोटाने तपासत गेली.  शेवटी तिने एका ठिकाणी टिचकी मारली आणि टोकाचा घोळका परत उभा राहिला.

"बाकी बराबर हाय."

"ओळ संपल्यावर ती कशाला लागती?"

"पुढच्या ओळीत पट्टी बदलती, मामा. वाजवणाऱ्याला आधी कळाया पाहिजे, न्हाई तर ऐनवेळी घाबरतो माणूस. बाई पहिलं तेच बघतात."

तिने गाणं पाठवलं. 

"अक्षता, पुण्याला जायचं ठरलं, तर मलाबी सांगशील का? एक ओळ आधी."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचं उत्तर यायच्या आत फोनवर बाईंचा मेसेज आला. ती वाचत गेली, तसा तिचा चेहरा कोरा होत गेला.

"मामा, चौकट घट्ट धरा."

त्याने धरली.

"बाईंनी दुसरं पुस्तक धाडलंय. इथंच करायचंय. अन् आता लॅपटॉपला पासवर्ड पडणार."

हल्ली संपत पारावर सांगतो, की त्या पानावर मुंग्या नव्हत्याच, विंचू होते, आणि त्याने ते एकेक करून चिमटीत धरून काढले. मगर साक्षीला होती.