कडूबाला बोलावणं गेलं नाही

माजी खेळाडूंच्या मेळाव्याची यादी करणं हे लग्नाच्या पत्रिका वाटण्याइतकंच नाजूक काम. कुणाचं नाव राहिलं तर रुसवा, कुणाचं आधी आलं तर दुसऱ्याचा रुसवा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात हे काम क्रीडाशिक्षक वैजनाथ सरांकडं होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अशी कॉलेजं तुमच्याही गावात आहेत.

वैजनाथ सर तसे कामाचे माणूस. कबड्डीच्या मुलखात सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी फुटबॉल आणला. ढेकळांचं मैदान पोरांना सोबत घेऊन सपाट केलं, जुन्या टायरांमधून चेंडू मारायला शिकवलं आणि तिसऱ्याच वर्षी अमरावतीहून आंतरमहाविद्यालयीन चषक जिंकून आणला. पुढं मात्र पोरं मोबाइलमध्ये रमली आणि मैदानात गाजरगवत माजलं. तीन वर्षांपूर्वी शैलजा मॅडम प्राचार्य म्हणून आल्या. त्या म्हणाल्या, "सर, आपल्या जुन्या खेळाडूंना परत बोलवा. ते मुलांना शिकवतील, टीम पुन्हा उभी राहील."

कल्पना चांगलीच होती. पण आपल्याकडं चांगल्या कल्पनेलाही आधी फॉर्म लागतो! सरांनी फॉर्म छापला. नाव, पत्ता आणि सध्याचा हुद्दा. तो पोस्टानं सगळ्यांच्या जुन्या पत्त्यांवर पाठवला. मेळाव्यात माइकवरून नाव आणि हुद्दा पुकारायचा, मग शाल-श्रीफळ, मग टाळ्या, असं ठरलं. आता ज्यांच्या फॉर्मात पुकारण्याजोगा हुद्दाच नव्हता, त्यांना काय म्हणून पुकारायचं? सरांना काही सुचलं नाही. त्यांनी तसले नऊ फॉर्म वेगळ्या फायलीत लावले आणि त्या नऊ जणांना बोलावलंच नाही. दोन मेळावे असे थाटात पार पडले. फोटोही झकास आले.

तिसऱ्या मेळाव्याला आठ दिवस राहिले असताना पुण्याहून आल्हादचा फोन आला. आल्हाद म्हणजे त्या जिंकलेल्या टीमचा कॅप्टन, आता मोठा इंजिनिअर.

"सर, यंदा कडूबा येतोय ना?"

"कोण कडूबा?" सर बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"सर, आपला गोलकीपर! दोन वर्षं मी येतोय, तो दिसत नाही. बोट मोडलेलं असताना शेवटची पेनल्टी अडवली होती त्यानं. ती सुटली असती तर आज तुमच्या खोलीत तो चषक नसता. कडूबा येणार नसेल तर मीही येत नाही."

सरांनी ती वेगळी फाइल काढली. सगळ्यात वर कडूबाचाच फॉर्म होता. आठ फॉर्मांमध्ये हुद्द्याची जागा कोरी होती. कडूबानं मात्र ती भरली होती. ठळक, वळणदार अक्षरात त्यानं लिहिलं होतं, 'गोलकीपर'.

सरांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी हा फॉर्म आला तेव्हा ते आणि ऑफिसातला क्लार्क पोट धरून हसले होते. हा काय हुद्दा झाला, म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी मोटारसायकल काढली. सोबत पत्रिका घेतली, शाल घेतली, नारळ घेतला. देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागून आत तीन किलोमीटरवर कडूबाचं गाव. कडूबा भाजीपाला पिकवतो आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला विकायला बसतो, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. त्याच बाजारातून ते दर आठवड्याला भाजी आणत, पण कधी वाकून त्याच्याकडं पाहिलं नव्हतं.

अंगणात एक बाई मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"कडूबा आहे का घरी? मी वैजनाथ सर, कॉलेजातला."

बाई लगबगीनं उठली. पदर सावरून तिनं बाज पुढं ओढली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "बसा गुर्जी. मी पुष्पाबाई, त्यायची घरवाली. तुमचं नाव लय आयकलं हाय त्यायच्या तोंडून."

"शेतात गेलाय का?"

पुष्पाबाई पुन्हा जुड्यांपाशी बसली. मग खाली बघत म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले ते, गुर्जी. छातीत कळ आली. बुलढाण्याले घेऊन जाऊन राह्यलो होतो, रस्त्यातच संपलं."

सरांच्या हातातली पत्रिका तशीच राहिली. पोळ्याला पाच महिने होऊन गेले होते. "मला कुणी कळवलं कसं नाही?"

"कोन कळवन? कॉलेजात आमचं कोन हाय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आहे ते ती सांगत होती, आणि म्हणूनच ते सरांना जास्त लागलं.

"तुमचा तो कागद आलता ना," ती पुढं म्हणाली, "दोन दिवस समोर धरून बसले. मी म्हनलं, शेतकरी लिहा अन् टाका पेटीत. तर म्हने, त्या कॉलेजात मी शेतकरी नव्हतो, गोलकीपर होतो, तेच लिहतो. मंग रोज पोस्टमनची वाट पाहे. कार्ड काई आलं नाई. तरी त्या दिवशी पांढरा शर्ट घालून गेले. सांजच्याले वापस आले अन् म्हने, बस चुकली. जेवलेबी नाई धड."

"बस चुकली?"

"कायची बस चुकते गुर्जी! फाटकावर कार्ड मांगतलं त्यायले. ते जीवनभाऊ हायेत ना, तुमच्याच टीममदले, आटो चालवते, त्यायनं पाह्यलं होतं. फाटकाच्या भायेर घंटाभर हुभे होते म्हने. आतल्या टाळ्या आयकत. दुसऱ्या वर्सी मंग गेलेच नाई."

वैजनाथ सरांना रडू आवरेना. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण परक्या अंगणात बाजेवर बसून हमसून हमसून रडला. बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीतली शाल काढली आणि पुढं केली. "वहिनी, निदान ही तरी..."

"हे मले नोका देऊ," पुष्पाबाईनं हात मागं घेतला. "रागावू नोका गुर्जी, मी अडानी बाई. पन एक इचारू? ह्या मानसाले टीममदी घेतलं तवा इचारलं होतं का, तुहा बाप कोन हाय? तुह्यापाशी किती वावर हाय?"

"नाही."

"चेंडू अडवता येते का, येवढंच पाह्यलं ना? मंग वापस बोलवताना काऊन इचारता, तू कोन झाला म्हनून? तवा जो तुमचा होता तो आताबी तुमचाच होता ना! त्यायले शाल नोको होती. कोनी तरी म्हनावं, ये बे कडूबा, बस. येवढंच पायजे होतं."

"चुकलं! माझं फार चुकलं!" सर हात जोडून म्हणाले.

"ते मले सांगून काय उपेग? ज्यायनं आयकायले पायजे होतं, ते नाई आता. जे जिते हायेत, त्यायच्या दारात जा."

सर उठले. पत्रिका त्यांनी तिथं ठेवली नाही. ठेवायला तोंड नव्हतं.

गावाहून ते थेट बसस्टँडवर आले. जीवन ऑटोत पेपर वाचत बसला होता. सरांना बघून तो खाली उतरला, पण नमस्कार केला नाही.

"जीवन, मेळाव्याला ये. मी स्वतः बोलवायला आलोय."

"कडूबाच्या मयतीले तुम्ही न बोलावलेले आम्ही आठबी जन होतो, सर," जीवन म्हणाला. "कॉलेजातून कोनी नव्हतं."

सर मान खाली घालून उभे राहिले. जीवननं पेपरची घडी करून सीटवर टाकली, त्याचा आवाज उतरला. "येतो मी. पन माह्यासाठी नाई. पेनल्टीच्या टायमाले मारनाऱ्याच्या पायाकडं कसं पाहाचं, हे कडूबानं मले शिकवलं होतं. ते तरी कोनाले सांगतलं पायजे. नाई तर तेबी त्याच्यासंग जाईन."

पुढचे सहा दिवस सर दारोदार फिरले. कुणाचा पंक्चरचा धंदा, कुणी शेगावला लॉजवर वेटर, कुणी दुसऱ्याच्या शेतावर सालदार. जीवन धरून सहा जण यायला तयार झाले. दोघांनी नाही म्हटलं. लोणारचा निवृत्ती तर दारातच म्हणाला, "राहू द्या सर. आता त्या मैदानात पाय टाकाची इच्छाच राह्यली नाई." सरांनी आग्रह केला नाही. आग्रह करायचा हक्क आपण घालवलाय, हे त्यांना कळत होतं.

मेळाव्याच्या दिवशी शैलजा मॅडमनी फाटक सताड उघडं ठेवायला लावलं. हुद्दे पुकारले नाहीत. स्टेजवर खुर्च्या मांडल्या नाहीत, सगळे सतरंजीवर बसले. सरांनी फोनवर सगळं सांगितल्यावर आलेला आल्हाद जीवनला खेटून बसला होता. वैजनाथ सर माइकसमोर आले. बोलायला लिहून आणलं होतं, पण तो कागद त्यांनी उघडलाच नाही.

"आपला गोलकीपर कडूबा गेला," ते म्हणाले. "त्याला बोलावणं पाठवायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. तो बोलावल्याशिवाय आला, तर त्याला फाटकातून परत जावं लागलं. हा दोष कॉलेजचा नाही, माझा आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. आल्हाद रडत होता. जरा वेळानं जीवन उठला, चपला काढून मैदानात गेला आणि टीमच्या नव्या गोलकीपरला म्हणाला, "चेंडूकडं नोको पाहू. मारनाऱ्याच्या पायाकडं पाह्य."

वाचकहो, तुमच्याही शाळेची, कॉलेजची, मंडळाची अशी एक यादी असेल. ती काढून बघा. जे मोठे झाले ते आपोआप येतात, त्यांना गाडी असते आणि पुढची खुर्चीही असते. पण ज्यांनी तुमच्यासाठी बोटं मोडून घेतली आणि पुढं आयुष्यात ज्यांना काही हुद्दा मिळाला नाही, ते फाटकाबाहेर उभे आहेत का, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. माणूस काय झाला हे विचारू नका, तो आपला होता एवढं पुरे. आणि बोलवायचं तर आजच बोलवा. वैजनाथ सर आजही दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबाच्या घरी जातात, पुष्पाबाई त्यांना चहा देते, दोघं थोडं बोलतात. कडूबाला मात्र त्यांना कधीच म्हणता येणार नाही की, ये बे कडूबा, बस.