सावध राहिलेलं बरं

मास्तरांनी सुई ओठांत धरली, सदऱ्याची कॉलर उलटी केली आणि मान वर न करताच म्हणाले, "विचारा."

समोरच्या खुर्चीत बसलेल्या पाहणीवाल्या बाईने मांडीवरचा टॅब सरळ केला. लोकांचा एकमेकांवर किती विश्वास आहे, याची पाहणी होती. सकाळपासून तिने बरीच दारं वाजवली होती. काही उघडलीच नाहीत, काही अर्धी उघडून मिटली. एका गृहस्थांनी तर "आमचा सगळ्यांवर विश्वास आहे हो," असं जाळीआडूनच सांगितलं आणि आतून कडी लावून घेतली. तळमजल्यावरच्या या शिंप्याने मात्र खुर्चीवरचं कापड उचलून जागा करून दिली होती. खोली एकच होती. पुढच्या भागात शिलाई मशीन, मागे पडदा आणि पडद्यामागे त्याचा एकट्याचा संसार.

"एकंदरीत बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की सावध राहिलेलं बरं?"

"सावध राहिलेलं बरं," मास्तर ठासून म्हणाले. "दिवस काय आलेत बघता ना? ओळख ना पाळख, सरळ दारात उभे राहतात लोक." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले, "तुमचं सोडा. तुम्ही कामासाठी आलात."

"आणि शेजाऱ्यांवर?"

"मी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स दारातून आत वाकली आणि चौकटीजवळच्या खिळ्याला किल्ली अडकवली. "मास्तर, नळवाला येईल. द्या त्याला," म्हणाली आणि चपला वाजवत निघूनही गेली. मास्तरांनी नुसतं "हं" केलं. पाहणीवालीच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण तो यादीत नव्हता. उत्तरदात्याला सुचवायचं नाही, हटकायचं नाही, तो म्हणेल ते नोंदवायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

मास्तर मशीनवर बसले. "तुमचं चालू द्या, मला ऐकू येतं," म्हणाले आणि मशीनचं पायडल हलू लागलं.

पुढचा प्रश्न तिने मनातच दोनदा वाचला. अडीअडचणीला हाक मारावी असं जवळपास कुणी आहे का? पाहणी सुरू होण्याआधी पाहणीवाल्या सगळ्यांनी सरावासाठी हेच प्रश्न एकमेकांना विचारले होते. तेव्हा ती पटकन "नाही" म्हणाली होती आणि पुढे सरकली होती. तोच प्रश्न तिचा भाऊ महिनाभर फोनवर विचारत होता. "आई गेली. आता तिथे तुझं आहे कोण? घर विकू, माझ्याकडे ये." भाऊ प्रेमानेच म्हणत होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. गिऱ्हाईकही मिळालं होतं. आज संध्याकाळी तिने होकार द्यायचा होता आणि तो तिने सकाळीच मनात घडी घालून ठेवला होता. त्या घरात तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. चोराचिलटांचं भय नव्हतं. आई होती तेव्हा भिंतीपलीकडे कसला तरी आवाज असायचा, कपाट उघडल्याचा, पुटपुटण्याचा, भांडं सरकवल्याचा. आता सगळे आवाज तिचे तिलाच करावे लागत.

मशीन थोडं चालायचं, थांबायचं, कात्री वाजायची, पुन्हा चालायचं. खिडकीतून आलेलं ऊन चिंध्यांच्या ढिगावर पडलं होतं. त्यातली एक निळी चिंधी ती बघत राहिली. निळा रंग हळूहळू पसरत गेला आणि ती एका लांबलचक जिन्यावर आली. प्रत्येक मजल्यावर एक दार, आणि प्रत्येक दार आईच उघडत होती. ती प्रश्न वाचायला लागली की आई म्हणायची, "ते राहू दे. आधी बस जरा." वरच्या मजल्यावर पुन्हा आईच, पुन्हा तेच. किती मजले चढली तरी पाय दुखत नव्हते.

जाग आली ती शांततेने. उन्हं चिंध्यांवरून भिंतीवर चढली होती. अंगावर कुणाची तरी अर्धवट शिवलेली दुलई होती, टाचण्या काढून घेतलेली. टॅब बाजूच्या स्टुलावर पालथा ठेवला होता. मशीनच्या सुईखाली कॉलर तशीच, अर्ध्या टिपेवर अडकलेली. गल्ल्याची किल्ली गल्ल्यालाच होती. दार सताड उघडं आणि मास्तरांचा पत्ता नाही.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामावर असताना झोपायचं, तेही परक्या घरात! ती घाईघाईने उठली आणि दारापाशी थबकली. आपण गेलो तर घर कुणाच्या हवाली?

दारात एक माणूस पिशवी खांद्याला लावून उभा राहिला.

"उठलात का? वरची किल्ली द्या."

"आपण कोण?"

"नळवाला. मघाशी येऊन गेलो ना. वर ठोकाठोक करायची आहे. मास्तर म्हणाले, आत्ता नको, ताई झोपल्यात, उन्हं उतरल्यावर ये. ते गुंड्या आणायला गेलेत."

तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग खिळ्यावरची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि तोंडातून सहज निघून गेलं, "काम झालं की इथेच आणून द्या."

तो वर गेला. ती दुलईची घडी घालून पुन्हा खुर्चीत बसली. थोड्या वेळाने मास्तर गुंड्यांची पुडी घेऊन आले.

"मास्तर, घर असं उघडं टाकून गेलात?"

"उघडं कुठे? तुम्ही होतात की."

"मी तर झोपले होते!"

"मग काय झालं? घरात माणूस होतं ना." त्यांनी पुडी फोडली. "नळवाला पुन्हा आला होता?"

"किल्ली दिली त्याला."

"बरं केलंत."

तिने टॅब सुलटा केला. थोडा विचार करून, नियम मोडून, विचारलं, "मघाचं उत्तर बदलायचंय का तुम्हाला? विश्वासाचं?"

"छे! सावध राहिलेलंच बरं. लिहा तसंच." आणि ते मशीनवर बसले.

तिने तसंच लिहिलं. वरून ठोकाठोक सुरू झाली, खालून मशीन. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. भाऊ होता.

"मग, सांगू ना त्यांना हो म्हणून?"

तिने खिळ्याकडे पाहिलं. किल्लीची जागा रिकामी होती.

"आत्ता नको रे, दादा."

"आत्ता नको म्हणजे? आज सांगणार होतीस ना. आणि हा आवाज कसला? आहेस कुठे तू?"

"शेजाऱ्यांकडे," ती म्हणाली.

आपल्या आवाजाचा अडथळा होतोय असं वाटून मास्तरांनी चाकावर हात ठेवला. मशीन थांबलं.

तिने फोनवर तळवा धरला.

"असू द्या, मास्तर," ती म्हणाली. "चालू द्या."