खवट पोतं

“पोरी, यंत्राला काय विचारतेस? मला विचार!”

चौदा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत पहिलं पाऊल टाकलं आणि उंदरांचं खाद्य यंत्रात तपासायला घेतलं, तेव्हा ताईने ऐकलेला हा मावशीचा आवाज. ताई आता तिथली मोठी संशोधक. मावशी अजून उंदीरघरातच. खाद्याचं नवं पोतं आलं, की मावशी त्यात नाक खुपसायची. ती “चालेल” म्हणाली, की मगच दाणा पिंजऱ्यात पडायचा. तिथला कायदाच होता तो.

यंदाचा प्रयोगही नाकाचाच. निम्म्या उंदरांच्या मेंदूतलं वासाचं केंद्र औषधानं निजवलेलं, निम्म्यांचं जागं. खाद्य एकच, तेलकट. नुसत्या वासानंही अंग चरबी साठवू लागतं, म्हणून वास येणारे लठ्ठ होतील, बाकीचे सडपातळ राहतील, असा ताईचा अंदाज. झालं उलटंच. वास येणारेच वाळत चालले.

“पिंजरे बदललेस तू!” ताई उंदरांची वजनं घेणाऱ्या चष्मेवाल्या मदतनिसावर कडाडली.

“ताई, नंबर डोळ्यांना आहे, अकलेला नाही,” तो कसंनुसं हसला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्याला शुक्रवारपर्यंत चंबूगबाळं आवरायला सांगितलं. मावशी दारातच होती. पाण्याच्या बाटल्या पुसत राहिली.

गुरुवारी मावशी जेवायला गेली, तेव्हा ताईने स्वतः पोतं उघडलं. भपकन वास आला. तेल पार खवटलेलं. नाक जागं असलेल्यांनी दाण्याला तोंडच लावलं नव्हतं. निजलेल्या नाकाचे बिचारे मुकाट खात होते. आणि पिंजऱ्यातलं उरलंसुरलं रोज झाडून न्यायची ती मावशीच, “खा रे बाळा, वाढ रे बाळा, जाळीबाहेर उन्हाळा” गुणगुणत.

मावशी परतली. ताईने त्याच दाण्यांची मूठ तिच्या नाकाशी धरली.

“बघ बरं.”

मावशीने डोळे मिटून हुंगलं. “चालेल की. ताजं आहे.”

सख्ख्या आईचं बोलणंही ताई दोनदा पारखून घ्यायची. हिचं कधी पारखलं नव्हतं.

“मावशी, माझ्याशीही खोटं?”

मावशी स्टुलावर बसली. हात एप्रनला पुसत राहिली, कोरडे होते तरी.

“गेल्या वर्षी मोठा ताप आला ना, तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही गं. बोलले असते तर काढलं असतं मला. त्या चष्मेवाल्या पोरावर आळ आला... आणि मी तो येऊ दिला.”