डावा हात कोटात गेला

मित्रांनो, पुतळा म्हटलं की तुम्ही मान वर करून बघता. माझ्यासाठी तेवढा त्रास घेऊ नका. मी एक जुना पुतळा आहे खरा, पण कुणा थोर माणसाचा नाही. शिंप्याच्या दुकानात कोट घालून उभा असतो ना, तसला. माझ्या मानेवर मागच्या बाजूला ‘साइज चाळीस’ असा शिक्का आहे. थोर माणसांना असा शिक्का नसतो, निदान दिसेल अशा जागी तरी नसतो.

माझा जन्म साच्यात झाला. त्या एका साच्यातून आम्ही बरेच भाऊ निघालो. सगळ्यांचं नाक सरळ, हनुवटी वर आणि चेहऱ्यावर कसलीच काळजी नाही. माझा चेहरा रंगवताना मात्र रंगाऱ्याला नेमकी शिंक आली, आणि माझी एक भुवई वर गेली ती गेलीच. तेव्हापासून मी समोरच्याकडे ‘असं होय?’ अशा नजरेनं बघतो. असला पुतळा कोण घेणार, म्हणून कारखान्यानं मला कोपऱ्यात ढकललं. तिथून मला मास्तरांनी उचललं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपडे शिवणाऱ्यालाही आपण मास्तरच म्हणतो की. त्यांचं दुकान जुन्या बाजारपेठेच्या अगदी मध्यावर. मास्तर मापं घ्यायचे, कापायचे, शिवायचे. काज-बटण आणि टिपा अक्कांकडे. अक्का म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. त्यांच्या तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या. त्या टाचण्यांमुळेच पेठेत शांतता आहे, असं मास्तर म्हणायचे, पण अक्का दुकानात नसतानाच.

माझे सुरुवातीचे दिवस थाटाचे होते. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची. एक आजोबा चष्मा घरी विसरून आले आणि मलाच बँकेचा रस्ता विचारू लागले. मी काय बोलणार? त्यांनी तीनदा विचारलं. मग आत येऊन मास्तरांकडे तक्रार केली, की तुमचा नवा माणूस उत्तर तर देत नाहीच, वर भुवया उडवतो. मास्तरांनी माझ्या वतीनं माफी मागितली आणि मला समज देण्याचं कबूल केलं. नवरेमुलगे यायचे, माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, अगदी असाच कोट हवा. कोट असाच मिळायचा. छाती कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न.

अशाच एका नवऱ्यामुलापायी माझा हात गेला. घाई फार होती. मास्तरांनी माझ्या अंगावरचा कोट ओढून काढला, घडी घातली आणि देऊन टाकला. कोटाबरोबर माझा डावा हातही गेला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिकडे मुलानं कोट चढवला. बाही जरा जड आहे, पण कापड भारी असेल म्हणून गप्प बसला. त्याच्या उजव्या हातात चहाची बशी होती, म्हणून भावी सासऱ्यांनी हस्तांदोलनासाठी डावाच हात पुढे केला, बाहीतून आलेला पंजा प्रेमानं दाबला, जरा हलवला, आणि अख्खा हात त्यांच्या हातात आला. सासरे जमिनीवर बसले. कुणीतरी घाबरून माझा हात खिडकीबाहेर भिरकावला. पुढे लग्न झालं म्हणतात, पण माझा हात काही परत आला नाही.

मग बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर मॉल उभा राहिला आणि पेठेची माणसं तिकडे वाहून गेली. भांडीवाल्यानं दुकान बंद केलं, मग चष्मेवाल्यानं, मग न्हाव्यानं. फरशा उखडल्या. दिवसात एखादा माणूस दिसायचा, तोही वाट चुकलेला. अक्का त्याला रस्ता सांगायच्या, पण त्याआधी त्याला धरून त्याचं लोंबणारं बटण शिवून द्यायच्या. मला कोपरा मिळाला. गळ्यात टेप, उरलेल्या हातावर छत्र्या. माझ्या नाकाचा रंग उडाला, आणि त्यावर कुणी बोललंसुद्धा नाही. दुर्लक्ष म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. लोक नावं ठेवतात तोवर बरं असतं हो.

तरी मास्तर हरले नाहीत. एका सकाळी त्यांनी दुकान रंगवायला काढलं. सामान बाहेर आलं, मीही आलो. दारासमोर बंद पडलेल्या सार्वजनिक नळाचा दगडी ओटा होता, त्यावर मला उभं केलं. अंगावर एका बँडवाल्यानं शिवायला टाकून कधीच न नेलेला कोट, लाल, पितळी बटणांचा. ऊन तिरपं होतं. माझंच मला वाटलं, की आज आपण बरे दिसतोय.

नेमके तेव्हाच नगरपालिकेचे एक मोजणीवाले आले. झाडं किती, खांब किती, नळ किती, पुतळे किती, असा छापील कागद त्यांच्या हातात. माझ्यासमोर ते थबकले. बाजूला अक्का स्टुलावर बसून पडद्याला टीप घालत होत्या, तोंडात टाचण्या.

“हा पुतळा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“मास्तरांचा,” अक्का टाचण्यांमधून म्हणाल्या.

“आणि डावा हात?”

“कोटात गेला.”

आता आमच्या गावाबाहेर टेकडीवर एक पडका कोट आहे, म्हणजे किल्ल्याची तटबंदी. मोजणीवाल्यांच्या डोळ्यांसमोर तो कोट उभा राहिला. अक्कांच्या डोळ्यांसमोर नवऱ्यामुलाचा. मोजणीवाल्यांनी हळूच टोपी काढली आणि कागदावर लिहिलं: मास्तरांचा पुतळा, पूर्णाकृती, उभा. डावा हात कोटात गेला.

रंग वाळला, सामान आत गेलं, पण मी ओट्यावर शोभतो म्हणून मास्तरांनी मला तिथेच ठेवलं. महिन्याभरानं नोटीस आली. नगरपालिकेनं गावाचा मध्य पुन्हा फुलवायचं ठरवलं होतं. लोक येत नाहीत, कारण गाड्या लावायला जागा नाही, असा शोध लागला होता. म्हणून आमची दुकानांची ओळ पाडून तिथे गाडीतळ करायचा. मग लोक गाड्या घेऊन येणार, नीट लावणार, खाली उतरणार आणि बघणार काय? दुसऱ्यांच्या गाड्या. मास्तरांनी नोटीस दोनदा वाचली, घडी घातली आणि मशीनवर जाऊन बसले. मशीन चालवलं नाही, नुसते बसले. चाळीस वर्षं ते त्याच जागी बसत होते. अक्कांनी त्या दिवशी टाचण्या डबीत ठेवल्या, तरी त्या बोलल्या नाहीत. मला फार भीती वाटली.

आणि मग दुसरी नोटीस आली. सदर ओळीसमोर पुतळा असल्याची नोंद आहे, पुतळा समितीच्या परवानगीशिवाय तो हलवता येत नाही, सबब काम थांबवावं. समिती मात्र सापडेना. नवी नेमायची तर जुन्या समितीची शिफारस लागत होती. तोवर पुतळ्याच्या परिसराची निगा राखावी, असं नियमातच लिहिलेलं होतं.

मास्तरांना आधी काही उमजलं नाही. उमजलं तेव्हा ते लगेच नगरपालिकेत जायला निघाले, की ही चूक आहे म्हणून सांगतो. अक्कांनी त्यांना दारातच अडवलं. आपण कुणाला फसवलेलं नाही, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलंय, असं बजावलं, आणि चार टाचण्या त्यांच्याच तोंडात दिल्या. धर आणि गप्प बस, म्हणाल्या.

निगा सुरू झाली. फरशा बसल्या. दिवे आले. पुतळ्याला धूर लागू नये म्हणून रस्ता गाड्यांना बंद झाला. दोन बाकं आली आणि त्यांवर माणसं आली. बसलेल्या माणसाला चहा लागतो, म्हणून चहावाला आला. चहावाल्याकडे आरसा नव्हता, म्हणून लोकांना आपली दाढी वाढलेली कळेना, ते कळवायला न्हावी परत आला, असं न्हावी स्वतःच सांगतो. चष्मेवाल्याच्या मुलीनं वडिलांचं कुलूप उघडलं. शिक्षक संघटना आली आणि म्हणाली, मास्तर आमचे. निवृत्त सैनिक आले आणि म्हणाले, हात कोटात गेलाय, मास्तर आमचे. दोन्ही पक्ष रोज संध्याकाळी बाकांवर बसून भांडायचे, आणि उठताना उद्या कितीला यायचं ते ठरवून उठायचे. शाळेनं मुलांना माझ्यावर निबंध लिहायला सांगितला. एका निबंधात मी शत्रूचे सतरा हत्ती एका हातानं अडवले होते, आणि तो शाळेनं धडा म्हणून सगळ्यांना पाठ करायला दिला.

हा निबंध ऐकल्यापासून मास्तरांना जेवण जाईना.

पुढे माझ्या ओट्यावर नावाचा दगड बसवायचं ठरलं. मुख्याधिकारी बाई येणार होत्या. दगड लहान होता, म्हणून त्यावर नोंदीतलेच शब्द कोरले: मास्तरांचा पुतळा. डावा हात कोटात गेला. सकाळी सगळी पेठ जमली. मोजणीवाले भाषणाला उभे राहिले. त्यांनी पुन्हा टोपी काढली. दिवंगत मास्तरांनी या भूमीसाठी, असं त्यांनी सुरू केलं मात्र, अक्कांनी टाचण्या तळहातावर थुंकल्या.

“दिवंगत कोण? हा काय इथे उभाय! सकाळपासून दोनदा चहा झालाय त्याचा.”

सगळ्यांनी अक्कांकडे बघितलं. मग अक्का दाखवत होत्या तिकडे. तिथे मास्तर उभे होते, गळ्यात टेप, चेहरा पांढरा. आता लपण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते पुढे आले.

“बाई, हा माझा पुतळा म्हणजे माझ्या दुकानातला पुतळा. मी त्यावर कोट अडकवतो. लढाई वगैरे काही झालेली नाही. दुकान पाडायचं तर पाडा, पण पोरांना माझे हत्ती पाठ करायला लावू नका.”

मित्रांनो, साच्यातल्या माणसाला छातीत धडधडत नाही. तरी काहीतरी होत होतं.

बाईंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. मानेवरचा शिक्का वाचला. माझी भुवई पाहिली. मग खाली वाकून दगड वाचला, एकेक शब्द.

“हा पुतळा मास्तरांचा आहे?”

“हो.”

“डावा हात कोटात गेला?”

“कोटात म्हणजे बाई, त्या नवऱ्यामुलाच्या...”

“गेला की नाही?”

“गेला.”

“मग दगडावर खोटं काय आहे?”

 मोजणीवाल्यांनी बारीक आवाजात विचारलं, की फाइलीचं काय करायचं. बाई म्हणाल्या, “पुतळा हलवायच्या अर्जाचा छापील नमुना आपल्याकडे आहे. पुतळा नव्हताच, असा नमुना नाही. आणि मी तो छापून घेणार नाही.” त्यांनी रस्ताभर नजर फिरवली. बाकं भरलेली होती, न्हाव्याकडे तिघे थांबले होते. मॉलसमोरचं आवार अर्धं रिकामं पडलेलं असतं, तिथे गाड्या लावा आणि पाच मिनिटं चाला, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हत्तींचा धडा रद्द झाला. शिक्षक आणि सैनिकांनी आपापला हक्क सोडला, बाकं मात्र सोडली नाहीत.

मास्तर ओट्याच्या कडेला बसले. थोड्या वेळानं उठून दुकानात गेले. मग आतून मशीनचा आवाज आला, आणि तो आवाज ऐकून मला इतकं हलकं वाटलं, की मी पुन्हा साच्यातून निघालो असं वाटलं. अक्कांनी मोजणीवाल्यांना स्टुलावर बसवलं. त्यांचा खिसा उसवलेला होता म्हणे, आणि तो अक्कांना सबंध भाषणभर दिसत होता.

आता माझ्या नाकाला नवा रंग आहे. न्हाव्यानं लावला, म्हणून जरा गुलाबी आहे. पण मित्रांनो, मला रंगानं वाचवलं नाही आणि नियमानंही नाही. रंग उडतो, नियम बदलतात. माणसं येऊन बसली, म्हणून पेठ राहिली. तुमच्याही गावात मध्यावर अशी एखादी ओळ असेल. तिथे कुणी एकाच जागी बसून वर्षानुवर्षं एकच काम नीट करत असेल. तिकडे जा. फार मोठं कारण शोधू नका. शर्टाचं बटण तुटलंय का, एवढं बघा. तुटलं नसेल तर ओढून तोडा, पण जा.